पेठेतल्या दोन खोल्यांत राहतं कोण

मी, साळुबाई चांगदेव आहेर, वय अडुसष्ट, धंदा भाजीविक्री, राहणार जुन्नर, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. नसते तर हे काम मी मुलगा भरत याच्यावर सोपवले असते.

१. आणे गावची दीड एकर जिराईत जमीन भरतला. कुसळांशिवाय काही येत नाही, पण बापाची आहे.

२. तराजू, वजने व बाजारातली बसायची जागा सून अश्विनीला. बोरमाळ नात समृद्धीला, दहावी झाल्यावर. आधी मागेल. देऊ नये.

३. राहत्या दोन खोल्या. या भाड्याच्या आहेत, घरमालक भगवंत शेटे. आमचे हे वारल्यावर पावती माझ्या नावाने झाली, कारण मी त्यांच्यासोबत राहत होते. खोल्या अश्विनीला लिहा, असे मी वकिलांना म्हटले. ते म्हणाले, "आजी, भाड्याची खोली मृत्युपत्रानं देता येत नाही. तुम्ही जाल तेव्हा घरचं जे माणूस तुमच्याजवळ राहत असेल, हक्क त्याचा." म्हणून मी खोल्या कोणालाच देत नाही. कोण राहते तेवढे सांगते.

अश्विनी राहते. १९९५ साली भरतने भोसरीत दुसरा संसार थाटला आणि हिला माहेरी धाडा म्हणाला. मी म्हटले, "तू गेलास न्हवं? मग बास. ती कुटं जायची न्हाई." तेव्हापासून पहाटेचे पाणी तीच भरते, माझे गुडघे तीच चोळते आणि माझ्याशी भांडतेही तीच. शेजारच्या खातूनला विचारावे. मधली भिंत पातळ आहे, तिला सगळे पाठ आहे.

घरमालक इमारत पाडून नवी बांधणार, भाडेकरूला त्यात फ्लॅट देणार, हे कळल्यापासून भरतला आईची लई आठवण येते. दिवाळीत त्याने एक बॅग आणून कॉटखाली सरकवली. "कुनी ईचारलं तर मी हितंच ऱ्हातो म्हन," म्हणाला. बॅग राहते, हे खरे आहे. भरत जेवतो आणि दुपारच्या एसटीने जातो.

पोटचा गोळा आहे. तो ताटावर बसला की अजून त्याच्याच भाकरीवर लोणी जास्त पडते, त्याची मला लाज वाटते. पण अश्विनीवर लेकीला घेऊन दारोदार हिंडायची पाळी आली, तर मला मेल्यावरही चैन पडणार नाही.

४. आजारपणात मला भोसरीला नेऊ नये. मी इथेच मरेन.

५. साक्षीला खातून व भरत यांना बोलावले आहे. साक्षीदाराने माझी सही बघायची, मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, असे वकील म्हणाले. भरतला तसाही वाचायचा कंटाळा, शिवाय एसटीची घाई. दोघांनी नाव व राहण्याचे ठिकाण आपापल्या हाताने लिहावे.

ठिकाण: जुन्नर. रविवार, ७ मार्च २००४.

सही: साळुबाई चांगदेव आहेर

साक्षीदार:

१) खातून महंमद हनीफ, राहणार शेजारची खोली, जुन्नर.

२) भरत चांगदेव आहेर, राहणार भोसरी, पुणे ३९. कायमचा पत्ता हाच.