डाव्या हाताचा घाव

१२ जानेवारी

चि. सूनबाईस आशीर्वाद.

पाकीट पाहून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि ऐकत कुणीच नाही, म्हणून लिहिते.

मी ठणठणीत आहे. तुझा नवरा म्हणतो, "आईला म्हातारपणी दगड फोडायची हौस आली." आली तर आली! संग्रहालयात रविवारी आदिमानवाची हातकुऱ्हाड घडवायला शिकवतात. बदामाच्या आकाराचा, मुठीत मावणारा, दोन्हीकडून धार काढलेला दगड. लाखो वर्षं माणसं हेच घडवत होती. भिंतीवरच्या चित्रात मात्र घडवणारे सगळे दाढीवाले, आणि बायका मागे पोरं सांभाळताना! मी विचारलं, "हे तुम्हाला कुणी येऊन सांगितलं?" शिकवणारा म्हणाला, "आजी, नक्की कुणालाच माहीत नाही." मग रंगवायची घाई कसली?

पण माझ्या हातून काही घडेना. डाव्या हाताने दगड मांडीवर धरायचा, उजव्या हातातल्या गोट्याने कडेवर घाव घालायचा. माझा घाव मधोमध बसे आणि दगडाचे दोन तुकडे. कित्येक रविवार नुसती खडी पाडली. परवा चिडून हात बदलले. टक्! पातळ, लांब कपची सुटून पायाशी पडली.

"आजी, डावखुऱ्या आहात हे आधी नाही का सांगायचं?"

सगळ्यांसमोर माझे डोळे भरून आले. मेली धूळ.

चिमणीच्या डाव्या हातावर मोजा चढवून तू तिला अक्षरं गिरवायला बसवतेस. "आपल्या घरात कुणी डावखुरं नाही," म्हणालीस, तेव्हा मी गप्प बसले. मी गप्प बसले याचंच तुला नवल वाटायला हवं होतं! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी पट्टी मारून मारून माझा हात बदलला. अक्षर मोत्यासारखं झालं, लोक वाखाणतात. मला ते कधी माझं वाटलं नाही. हे तुझ्या सासऱ्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

तू वाईट आई नाहीस. शाळेत पोरीला कुणी हसू नये म्हणून तुझा जीव तुटतो. हसणाऱ्यांना माझ्याकडे पाठव. पण तिने चित्रं काढणंच सोडलं, हे तूच सांगितलंस ना?

रविवारी दोघी या. तिला पेलेल असा गोटा मी निवडून ठेवलाय. कुठल्या हातात धरायचा, ते तिला कुणीही सांगायचं नाही. तिथे डोळ्यांना लावायला चष्मे देतात, तूही लाव. कपच्या उडतात, माझ्या बोलण्यासारख्याच.

वाट पाहते.

तुझी डावखुरी सासू