नाल्याकाठची सिगार

॥ श्री ॥
पोंभुर्णा, दि. ८ सप्टेंबर २०२४

चि. दिव्यानीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तू बोलतेस अन् मी बहिऱ्यासारखा नुसता हो-हो करतो, त्यापेक्षा हे बरं. आलापल्लीच्या जंगलात वनरक्षक होतो तवा तुझ्या मायले पत्रं लिहायचो, तीच सवय आता कामी येऊन राह्यली.

तू सिगारवरून चिडलीस. नर्स आहेस, चिडशीलच. पण बिडीसारखा धूर मी छातीत नाई घेत. तोंडात घोळवतो अन् सोडून देतो. चंद्रपूरचा माझा दोस्त लियाकत दुकानातल्या मालातून एकेक दाबून पाहून पाठवते. बोटाले पोकळ लागली का बाजूले. वरचं पान तेलकट पाहिजे, शिरा बारीक पाहिजे. नाकाशी धरली का कोणाले गुळाचा वास, कोणाले धानाच्या वाळल्या तणसाचा. मले तणसावाली आवडते.

पहिली सिगार आपल्या प्रफुलनंच आणली होती, आठवते? मोहर्लीत सफारीची जिप्सी चालवायचा तवा कोण्या पाहुण्यानं दिली होती. अडकित्त्यानं टोक कापून आम्ही बापलेकानं आळीपाळीनं ओढली. खोकून खोकून त्याच्या डोळ्यातून पाणी, अन् म्हणे का बाबा, मस्त आहे. मग दर रविवारी दोघांत एक. मे महिन्यात वाघानं त्याले नेलं, तवापासून आख्खी माह्याच वाट्याले येते.

लियाकतले सांगतलं का आता लांबवाली पाठव, दीड तास चालणारी. काल हवा पडली होती. मोहाखाली धूर सरळ वर चढत होता, राख बोटभर झाली तरी पडेना. चांगल्या सिगारची हीच खूण.

चिडलीस तरी लिहीत राह्यजो. बापाले तेवढंच पुरते.
तुझा,
बाबा

॥ श्री ॥
नाशिक, दि. १७ सप्टेंबर २०२४

ती. बाबांस,
दिव्यानीचा शि. सा. न. वि. वि.

अख्खं पत्र सिगारीवर, आणि शकुआत्याच्या गुडघ्यांबद्दल एक ओळ नाही! माझ्या खोलीत राहणाऱ्या पुनमला वाचून दाखवलं. ती म्हणाली की तुझ्या बाबांना चहाच्या कंपनीनं चव घ्यायला ठेवायला हवं. मी तिला सांगितलं की आमच्या बाबांना चहातली साखरही कळत नाही.

माझ्या वॉर्डात घशाचे पेशंट रोज बघते, म्हणून बोलते. पण आता त्यावर भांडणार नाही. प्रफुलच्या हातची आवड आहे, ती तुमच्याकडून काढून घ्यायला माझी जीभ रेटत नाही.

फक्त एक सांगा. आपल्या अंगणात लिंब आहे, आत्याच्या दारात शेवगा आहे. मोह कुठे आहे? मोह नाल्यावर आहे, बाबा. त्या दिवशी प्रफुल ज्याच्याखाली तेंदूपत्त्याचे पुडे बांधत बसला होता, तो. तुम्ही संध्याकाळी कुठे बसता, एवढंच मला लिहा.

तुमच्या मायेची सावली राहू द्या.
तुमची,
दिव्यानी

॥ श्री ॥
पोंभुर्णा, दि. २६ सप्टेंबर २०२४

चि. दिव्यानीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

शकुबाईचे गुडघे तसेच आहेत. तेल लावते अन् मले शिव्या देते. धान निसवून राह्यलं. पाऊस काई केल्या उघडत नाई.

पावसाळ्यात सिगार सांभाळणं मोठं जिकिरीचं. उन्हाळ्यात डब्यात विटेचा ओला तुकडा ठेवला नाई तर पान तडकते, अन् आता उलटी बुरशी धरते. पांढरी असली तर फडक्यानं पुसून टाकायची, हिरवी असली तर सिगार फेकायची. हे लियाकतनं शिकवलं.

वाघ अजून फिरूनच राह्यला. वनखात्यानं पिंजरा लावला आहे, आत बकरी बांधते. वारलू चौकीदार म्हणते का वाघ येते, पिंजऱ्याले चक्कर मारते अन् निघून जाते.

पहिले मी चांगली सिगार मागं ठेवायचो, सणावाराले होईल म्हणून. आता तसं नाई करत. दुपारी डबा उघडतो, एकेक हातात घेतो, दाबतो, वास घेतो. जी सगळ्यात चांगली वाटन ती त्याच दिवशी ओढतो. निवडण्यातच अर्धी दुपार जाते. मन लागते.

तब्येतीले जप. लोभ आटू देऊ नको.
तुझा,
बाबा

चंद्रपूर, दि. ९ ऑक्टोबर २०२४

चि. दिव्यानी बेटीस,
लियाकतचाचाची खूप खूप दुवा.

तुझी चिठ्ठी आली अन् दुसऱ्याच दिवशी मी पोंभुर्ण्याची बस पकडली. सिगारचा डबा संग घेतला, म्हणजे तुझ्या बाबाले, मुखरूभाऊले, शक नको. घराले कुलूप. शकुबाई ओट्यावर बसून होती. मले पाहून रडायलेच लागली. म्हणे का भाऊ रोज दिवस कलला का नाल्यावर जाते, काठीसुद्धा नेत नाई, अन् मी मागं गेली तर दगड उचलते.

मी गेलो. खोटं कशाले सांगू, भेत भेत गेलो. मोहाखाली बसला होता, पाठ जंगलाकडे. तू जाणतेस, त्याले मागचं पान वाजलं तरी आता ऐकू येत नाई. सिगार पेटलेली, चेहरा एकदम शांत. मी समोर जाऊन हातवारे केले तवा दिसलो त्याले. हसला. म्हणे का ही वाली तू फार उमदा पाठवली, शेवटपर्यंत कडू होत नाई.

मी त्याले विचारलं का हे काय करून राह्यला. म्हणे का पोरगा जिथून गेला तिथूनच जायचं आहे, मी काई स्वतःच्या हातानं करत नाई, फक्त बसतो. मी लय बोललो. हात धरून घरी आणला. पण शकुबाईचा निरोप आला का दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला.

बेटी, त्या लांब सिगारी मीच पाठवत होतो. मले वाटलं दोस्ताले शौक लागला, चांगलं झालं. आता एकही पाठवणार नाई. पण डब्यात अजून आहेत. तुझी हाजराचाची म्हणते का पोरीले सांगा, उशीर करू नको.

आमच्यावर माया ठेव.
तुझा,
लियाकतचाचा

॥ श्री ॥
नाशिक, दि. १४ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न.

लियाकतचाचांनी सगळं लिहिलं. त्यांच्यावर रागावू नका.

सुट्टी महिनाअखेरीस मिळते आहे. त्याच्या आत मिळावी म्हणून मेट्रनच्या पाया पडले. त्या म्हणाल्या की वडील आजारी आहेत का, तर मी नुसतं हो म्हटलं.

बाबा, प्रफुल माझाही होता. त्या दिवशी तुम्ही मला त्याचा चेहरा बघू दिला नाही. चादर धरून ठेवलीत. मी ऐकलं, बघितलं नाही. उद्या तुमच्यावरही तशीच चादर टाकतील, आणि ती धरून ठेवायला मला कुणी उरणार नाही. मलाच ती उचलून ओळख पटवायला लागेल. हे चालेल तुम्हाला?

मी येईपर्यंत घरात बसा. अंगणात बसून हव्या तितक्या ओढा, मी हूं म्हणणार नाही.

जीव लावला आहे, तो असा तोडू नका.
तुमची,
दिव्यानी

॥ श्री ॥
पोंभुर्णा, दि. २१ ऑक्टोबर २०२४

चि. दिव्यानीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र परवा भेटलं. तुझ्या पत्राच्या आधीच झालं ते लिहितो.

शुक्रवारची गोष्ट. डब्यातली सगळ्यात चांगली निवडली, काळपट पानाची. अर्धी झाली होती. त्या दिवशी मी तोंड नाल्याकडे करून बसलो होतो. कशानं कोणास ठाऊक, नजर वर गेली. नाल्याच्या पल्याड तो उभा होता. तोच का दुसरा, मले नाई सांगता येत. माह्याकडेच पाहून राह्यला होता.

मी इतके दिवस वाट पाह्यली, दिव्यानी. मले वाटलं होतं मी डोळे मिटून घेईन. नाई मिटले. तो पोट खाली घेऊन बसला, शेपटीचं टोक हललं, अन् मी उठलो. केवढ्यानं तरी ओरडलो. मलेच ऐकू येत नव्हतं, पण नरडं फाटून राह्यलं होतं. सिगार फेकली, दगड फेकले, चप्पल फेकली. पँट ओली झाली. मागं मागं सरकत होतो अन् मनात एकच होतं, का मले नको, मले नको. कितीक वेळ पाह्यलं त्यानं, मग वळला अन् करवंदीत गेला.

शकुबाई बांधावर भेटली. तिनं घरी आणलं, आंघोळ घातली, लेकरासारखी.

तू येशील अन् विचारशील, म्हणून आताच सांगतो. दुसऱ्या कोणाले सांगू? तवा सारे गावकरी म्हणाले होते का मागून आला, पुडे बांधता बांधताच गेला, प्रफुलले काई समजलं नसन. मी तेवढ्यावर रात्री काढत होतो. त्याच्या हातात पुड्याची दोरी गुंडाळलेली नव्हती, पोरी. माती होती, मुठी भरून. ती मी पाह्यली होती अन् तुले पाहू दिली नाई. आता मले माईत झालं का ती कशाची होती. त्यालेही समजलं होतं, तोही नको नको म्हणत होता.

मी नाल्यावर जात नाई. तू ये. दिवसाच्या गाडीनं ये, सांजेची पोंभुर्ण्याची बस धरू नको.

बापावर राग असन तेवढा ठेव, पण मायाही ठेव.
तुझा,
बाबा