एकोणचाळीस तासांची कॅसेट

मंगळवार, ४ मार्च

सापडला! सापडला! सापडला!

दुकानाच्या माळ्यावर, कुणी परत न नेलेल्या घड्याळांच्या खोक्यामागे, जुन्या चादरीत गुंडाळलेला. व्हिडिओ गेमचा करडा डबा, दोन रिमोट, आणि डब्यात खोचलेली ती जपानी कॅसेट! मी शिडीवरच ओरडले. खालून हे धावत आले — "पडलीस का?" म्हटलं, "पडले नाही हो, सापडलं!"

तीच शिडी, तोच माळा, मी कितीदा वर गेले असेन! पण शोधायचं मनात नसलं की डोळ्यांपुढचा हत्ती दिसत नाही.

टीव्हीला वायरी जोडल्या. काळा पडदा. कॅसेट काढली, फूऽऽ करून फुंकर मारली, परत दाबली. चौतीस वर्षांनी ओठांना ती फुंकर आठवत होती! आणि मग वाजलं. टुंग टुंग टुटुंग... तेच! निळा पडदा, पांढरी अक्षरं, कोपऱ्यातला इवलासा किल्ला. मी पदर खोचून नाचले. गुडघ्यांनी हरकत घेतली, ती फेटाळली.

हे म्हणाले, "पासष्टाव्या वर्षी राक्षस मारणार?"

"घरातला एक सोडून सगळे!"

बुधवार, ५ मार्च

दोन तास खेळले. दोन तास! जेवणाचा पत्ता नाही. यांनी स्वतःचं पान स्वतः वाढून घेतलं आणि माझंही आणून ठेवलं. खेळाचे फायदे बघा.

सगळं आठवायला लागलंय, तर लिहूनच टाकते.

तो डबा एका जहाजावरच्या आचाऱ्याने दुरुस्तीला दिला होता. आमचं घड्याळांचं दुकान, पण बाबा कशालाच नाही म्हणत नसत. "आठवड्याने नेतो" म्हणाला, तो गेला तो गेलाच. सहा महिने वाट पाहिली. मग एका दुपारी ढापण्या म्हणाला, "ताई, नीट झालाय की नाही ते तपासायला नको का?"

ढापण्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. नऊ वर्षांनी लहान. चौथीत चष्मा लागला, तेव्हापासून हेच नाव.

एक ते तीन दुकान बंद. शटर अर्धं खाली, बाबा घरी झोपायला, आणि आम्ही दोघं स्टुलांवर. काय तपासणी केली! महिनोन् महिने!

गंमत म्हणजे अक्षर एक कळत नव्हतं. सगळं जपानी. मग आम्ही वही केली. छपरासारखी खूण म्हणजे झोपायचं. तीन काड्या आणि टिंब म्हणजे तलवार घ्यायची. दुकानदाराने ठरावीक दोन शब्द दाखवले की समजायचं, बाबा रे, तुझी ऐपत नाही. आणि गोष्ट? गोष्ट आमची आम्हीच रचली. नायक बंडू. औषध देणारी मलमबाई. उंच टोपीचा जादूगार तो हेडमास्तर. हेडमास्तर मलमबाईवर मरतो असं ढापण्याने ठरवलं होतं. मी म्हणायचे, "अरे, तो तिचा काका आहे!" यावरून दोन दिवस अबोला.

आणि पुलावरचा खडूस! पांढरी दाढी. दर वेळी आडवा येऊन काहीतरी विचारायचा, खाली दोन पर्याय. ढापण्या म्हणायचा, "हा जकात मागतोय, ताई. नाही म्हण." आम्ही शेवटपर्यंत नाहीच म्हटलं. मान खाली घालून बाजूला व्हायचा बिचारा.

आकडे तेवढे वाचता यायचे. कोपऱ्यात घड्याळ होतं, किती वेळ खेळलो ते सांगणारं. एकोणचाळीस तास! फक्त शेवटचा गड उरला होता, वरच्या मजल्यावर काळा राजा. ढापण्याच्या नोकरीचं पत्र तेव्हा येऊन पडलं होतं, अकरा तासांच्या अंतरावर. बाबा विचारायचे, "कधी निघतोस?" तर हा म्हणे, "राजा पडला की निघतो."

आणि मग तो सोमवार. डबा लावला — कॅसेट कोरी! बंडू नाही, मलमबाई नाही, काही नाही. आदल्या दिवशी दुकानात एकटा ढापण्याच होता. मी म्हटलं, "तूच पुसलंस! काहीतरी भलतं दाबलंस!" तो चष्मा पुसत बसला. हो नाही, नाही नाही. मला इतका राग आला की डबा चादरीत बांधून माळ्यावर टाकला. "झाला तुझा खेळ. जा आता नोकरीला!"

तिसऱ्या दिवशी गेला.

तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात मी त्याची ओळख करून देते — "हा आमचा पुसणारा!" सगळे हसतात. तोही हसतो. वर्षातून एकदा येतो, घरी चहा घेतो. दुकानात मात्र पाऊल टाकत नाही. चौतीस वर्षांत एकदाही नाही.

जाऊ दे. आज बंडूला पहिली तलवार मिळाली!

शुक्रवार, ७ मार्च

परत कोरी!! परवा दोन तास खेळले, गावच्या खाटेवर बंडूला झोपवलं, म्हणजे खेळ जपून ठेवला. आज लावते तर सगळं गायब. घरात आम्ही दोघंच, आणि यांना रिमोटची कुठली बाजू वर ते कळत नाही.

मग कुणी पुसलं?

आणि डोक्यात टक्कन वाजलं. डबा बंद असताना कॅसेटला हे सगळं लक्षात राहतं कसं? कशाच्या जोरावर?

उद्या उघडते.

शनिवार, ८ मार्च

सेल!

कॅसेटचे स्क्रू भलतेच, माझ्याकडचा एक पाना बसेना. बॉलपेनची नळी मेणबत्तीवर तापवली, स्क्रूवर दाबून धरली, थंड झाली की झाला पाना. फिरला! (हे कुणी शिकवलं नाही हं. बाबांनी फक्त बसायला स्टूल दिलं, बाकी माझं मीच.) आत हिरवी पट्टी आणि कोपऱ्यात — चपटा गोल सेल. मोठ्या डिजिटल घड्याळात घालतो तसला. मीटर लावला. शून्य. ठार मेलेला!

मी! उभा जन्म घड्याळांचे सेल बदलले, आंधळ्यासारखी बोटांनी ओळखते कुठला कुठला, आणि माझ्याच माळ्यावर एक मेलेला सेल पडून होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

म्हणजे ढापण्याने पुसलंच नव्हतं. सेल गेला होता. बिचारं पोर तोंडातून शब्द न काढता चौतीस वर्षं माझे टोमणे ऐकत राहिलं. त्याच्या स्वतःच्या लग्नात, बायकोच्या देखत म्हटलं होतं मी — पुसणारा!

नवा सेल कथलाचा डाग देऊन बसवला. डाग सुरेख बसला.

रविवार, ९ मार्च

फोन केला. सकाळपासून तीनदा उचलून ठेवला होता. मोठ्या बहिणीने माफी मागायची म्हणजे जिभेला गाठ.

"ढापण्या, तू नव्हतास रे!"

"कुठे नव्हतो?"

"तू पुसलं नव्हतंस! कॅसेटमधला सेल मेला होता! मी मूर्ख, मी गाढव, मी —"

"हळू, ताई. घड्याळजीण ना तू, ठोके मोजून टाक."

मग सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "डबा चालू आहे?"

"टुंग टुंग टुटुंग!" मी गाऊनच दाखवलं.

"पुढच्या रविवारी येतो." आणि थांबून, "दुकानातच येतो."

दुकानात! दिवसभर घरात गात होते. यांनी दोनदा रेडिओ बंद आहे का ते पाहिलं.

मंगळवार, ११ मार्च

पोट दुखेपर्यंत हसले!

भाची आली होती, ढापण्याची लेक. इथल्याच दवाखान्यात दातांची डॉक्टर आहे. माझ्या फोनमध्ये काहीतरी घातलं तिने. कॅमेरा पडद्यासमोर धरायचा, की जपानीचं मराठी! मोडकं तोडकं, पण मराठी.

पहिल्यांदा धरला तो खडूसावर. सांगू काय म्हणत होता तो? "तुम्ही दमलेले दिसता. माझ्या घरी विश्रांती घ्याल का?"

अरे देवा! जकात नव्हे, पाहुणचार! आम्ही त्याला दर वेळी नाही म्हटलं! रक्तबंबाळ बंडूला घेऊन गावापर्यंत तंगड्या तोडल्या, आणि हा माणूस पुलावर फुकटात खाट देत होता!

भाची म्हणाली, "आत्या, तुम्ही दोघांनी एकोणचाळीस तास नक्की केलं काय?"

"आम्हाला आमची गोष्ट होती ना!"

हेडमास्तर मलमबाईचा काकाच निघाला. मी जिंकले! हे ढापण्याला समोरासमोर सांगणार.

सगळ्या पाट्यांवर कॅमेरा फिरवत सुटलो. खेळ पुसायची पाटीसुद्धा वाचली. "हा प्रवास कायमचा जाईल. खरंच?" हो म्हटलं की परत, "खरंच?" दोनदा विचारतो. सभ्य खेळ आहे. पुसला नाही, नुसता वाचून बाहेर आलो.

गुरुवार, १३ मार्च

दहा तास पूर्ण. अंगठ्याला फोड. मलमबाईने आता पडद्यातून बाहेर यावं.

शनिवार, १५ मार्च

सकाळी एक मास्तरीणबाई घड्याळ घेऊन आल्या. कपाटात पडून होतं, बंद झालं, म्हणाल्या. मी उघडलं आणि सवयीने बोलत गेले — "मनगटी घड्याळाचा सेल लहान, दोन-तीन वर्षं. पण तो मोठा चपटा असतो ना, नुसतं लक्षात ठेवायचं काम असलं तर दहा-पंधरा वर्षं बसल्या जागी जगतो..."

बोलता बोलता थांबले.

कॅसेटच्या पाठीवर साल छापलंय. त्या सोमवारी ती जेमतेम तीन वर्षांची होती.

असेल एखादा सेल लवकर गेलेला. निघतात असे. माल खराब असतो कधी कधी. ढापण्या उद्या येतोय, दुकानात येतोय, मला दुसरं काही नको. त्याचं स्टूल पुसून ठेवलं.

रविवार, १६ मार्च

आला. एक वाजता. शटर पूर्ण वर होतं, तरी जुन्या सवयीने वाकून आत शिरला! टुंग टुंग वाजलं तेव्हा चष्मा काढून पुसत बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, तो सेल तेव्हा चांगला होता. तुला कळलं नसेल असं मला वाटत नाही. दोनदा काहीतरी विचारलं खेळाने. अक्षर कळत नव्हतं, पण काय विचारतोय ते बरोब्बर कळत होतं. राजा पडला की मला निघावं लागणार होतं. मला वाटलं, तू चार शिव्या देशील आणि म्हणशील, चल, पहिल्यापासून."

मी त्याच्या हातातला रिमोट घेतला. माझे दहा तास, बंडू, मलमबाई, सगळं समोर होतं. पुसायची पाटी उघडली. खेळाने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हो म्हटलं.