डांबरगोळ्यांचा वास

८ जुलै, मंगळवार
ताईचं बाळ आज पालीला आमच्या घरी आलं! आईने जपून ठेवलेली मऊ गोधडी ट्रंकेतून काढली. पावसात वाळणार कुठे, म्हणून न धुताच. तेल चोळून बाळाला तिच्यात गुंडाळलं. खोलीभर डांबरगोळ्यांचा वास! उद्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पेपर, आणि मी त्याचे इवलेसे पाय बघत बसलेय.

९ जुलै
पेपर बरा गेला. डांबरगोळ्यांतल्या नॅप्थलीनची रचना आली होती — बेंझिनची दोन कडी एकमेकांना चिकटलेली. काढताना हसूच आलं. घरून तेच हुंगून गेले होते!

१० जुलै
बाळ पिवळं पडलंय. दूध ओढत नाही.
शेजारची सगुणाकाकू आईसमोरच बोलून गेली, ‘पयल्यासारकाच झाला गो ह्यो पन.’ अशी चीड आली! आईचा पहिला मुलगा, आम्हा बहिणींच्या आधीचा, असाच पिवळा होऊन गेला. तिच्या सासूने सगळं खापर आईच्या पायगुणावर फोडलं. आई त्याचा विषयही काढत नाही.

११ जुलै
सकाळीच रत्नागिरीला आणलं. रिक्षात लंगोट बदलला तर डाग कोकमाच्या आगळासारखा काळपट लाल. मला भीती वाटतेय. खूप.
बाळ निळ्या दिव्याखाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘रक्तपेशी फुटतायत. कशामुळे, कळत नाहीये.’ ताई भिंतीला टेकून उभी. आई गोधडी उराशी धरून. मी तिच्याशेजारी बसले — आणि तो वास!
धावतच सुटले. ‘मॅडम, गोधडीत डांबरगोळ्या होत्या! नॅप्थलीन तेलात विरघळतं, आणि आम्ही रोज तेल चोळून गुंडाळतोय!’
‘आधी ती गोधडी बाहेर न्या,’ त्या म्हणाल्या. मग रक्ताची एक वेगळी तपासणी लिहून दिली. काही मुलग्यांच्या रक्तात एक एन्झाइम कमी असतं, म्हणे. आईच्या बाजूने येतं. अशांना हा वासही विष.

१२ जुलै
तपासणीत तेच निघालं. बाळाचं रक्त बदलताहेत. लिहवत नाही.

१३ जुलै
रडलं! चांगलं ठणठणीत भोकाड पसरलं! ताई हसत होती, रडत होती.

१४ जुलै
आई आज गोधडी धुवायला बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘त्याच्यासाटीच शिवलेली ही. तवा पन ट्रंकेत ह्याच गोळ्या व्हत्या. त्यानंच गेला काय गो माजा?’
‘नाही गं आई,’ मी म्हटलं. ‘तेव्हाच्या गोळ्या वेगळ्या असायच्या.’ रसायनशास्त्रातलं माझं पहिलं खोटं.