लोकर बाजूला ठेवली तेव्हा

प्रिय आक्का,

आज पल्लवीचं लग्न. समोरच्या रुक्मिणबाईची पल्लवी. सगळी गल्ली शिरूरच्या मंगल कार्यालयात गेली आहे, आमचे हेसुद्धा गेले, आणि मी घरी पडून आहे. डॉक्टरीणबाईंनी जड काम करू नको, आराम कर म्हणून बजावलंय. पण पडून तरी किती राहायचं? टीव्ही लावला, बंद केला. मग वाटलं, तुमच्याशी बोलावं. जे सांगायचंय ते एका जावेनं दुसऱ्या जावेलाच सांगावं असं आहे, आणि तुम्ही तर निघून गेलात!

थकले हो आक्का. अंगानं थकलेच, पण त्याहून जास्त माणसांना हो हो म्हणून थकले.

तुम्ही गेलात आणि तुमची लोकर माझ्या गळ्यात पडली. त्या चार गाठोड्यांचं काही नाही, ती पलंगाखाली बसली गपगुमान. पण तुम्ही गावभर देऊन ठेवलेले शब्द? दिवस घातल्यावर आठ दिवस झाले नाहीत तोच बायका यायला लागल्या. "आक्का हाव म्हणल्या हुत्या." कुणाला नातवासाठी टोपरं, कुणाला ताटावरचा रुमाल, कुणाला रुखवतात ठेवायला लोकरीची बदकं. आणि रुक्मिणबाईला पल्लवीच्या रुखवतासाठी तोरण. एकीला तरी नाही म्हणायचं होतं आक्का! तुमच्या तोंडात तो शब्दच नव्हता का?

खरं सांगते, मला तुमचं हे वेड कधी कळलं नाही. आपल्याकडं थंडी ती किती! माळावरच्या उन्हात चप्पल चिकटते, आणि आपल्या घरात माणशी दोन स्वेटर. टीव्हीला कव्हर, फ्रिजच्या दांडीला कव्हर, फोनला कव्हर. तो मोठा टीव्ही जाऊन भिंतीला चिकटलेला पातळ टीव्ही आला, तर तुम्ही त्याच्याही मापाचं विणलंत! माझी पूजा हसून हसून लोळली होती. तुम्ही काही रागावला नाहीत. म्हणालात, "हस की. तुझ्या लग्नात रुखवत कोण करतंय बघू."

आणि केलंत. सगळ्यांचंच केलंत. रुखवत मांडलं की माईकवरून सांगायचे, हे सगळं नवरीनं स्वतःच्या हातानं केलेलं आहे! ज्या पोरीला सुईत दोरा ओवता येत नव्हता तिच्या नावावर तुमचा मोर. मला राग यायचा. तुम्ही मात्र बायकांच्या मागच्या रांगेत पदर तोंडाला लावून हसत बसायचात आणि मला कोपरानं ढोसायचात.

पण तुमच्या हाताची माया मी नाकारत नाही. माझं पहिलं बाळ पोटातच गेलं तेव्हा तुम्ही त्याच्यासाठी पिवळं टोपरं विणून ठेवलं होतं. मी दवाखान्यातून आले, तर दोरीवर पिवळी लोकर वाळत घातलेली, धुतलेली, खाली दगड बांधलेला, उसवलेल्या धाग्याचे वळ सरळ व्हावेत म्हणून. टोपरं माझ्या नजरेला पडू नये म्हणून तुम्ही रातोरात उसवलं होतं. पुढं पूजा झाली तेव्हा तिच्या पायात पिवळे मोजे आले. त्या दिवशी मी तुमच्या मांडीवर डोकं ठेवून रडले होते, आठवतं?

एवढं सगळ्यांचं कळणारी बाई, स्वतःच्या देहाला मात्र तुम्ही सावत्रासारखं वागवलंत. हा माझा राग आहे, आणि तो गेलेला नाही.

त्या उन्हाळ्यात तुम्ही लोकर बाजूला ठेवली. मी विचारलं तर म्हणालात, "लोकर मांडीवर घिऊन बसलं की लई उष्णता हुतीय गं. थोडे दिवस सुती दोरा धरते." मला ते पटलं. का पटू नये? मे महिन्यात मांडीवर लोकरीचा ढीग घेऊन बसलं तर उष्णता होणारच की! मग तुमचा सकाळ-संध्याकाळ सब्जा सुरू झाला. धने-जिऱ्याचं पाणी, गुलकंद. आणि बोटांत पांढरा दोरा. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेली असताना पुन्हा अंगावर जायला लागलंय, हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. एक छप्पर, एक चूल, एका दोरीवर आपले कपडे वाळायचे. मला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं होतं?

विहिरीजवळ चक्कर येऊन पडलात तेव्हा लातूरला नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून? मी पिशवी धरून शेजारी उभी होते. तुम्ही म्हणालात, "आत्ता एवढ्यातच." त्यांनी चष्म्यावरून तुमच्याकडं पाहिलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली. बाहेर आल्यावर तुम्हाला काळजी कशाची? म्हणे, त्या भिसेंच्या पोरीचं रुखवत अर्धं राहिलंय! आणि दुखणं तर केव्हाच हाताबाहेर गेलं होतं.

आता माझं ऐका.

संक्रांतीला मी वाण वाटून घरी आले आणि मला डाग दिसला. माझीही पाळी जाऊन दोन वर्षं होत आली होती. ह्यांना आडून आडून सांगितलं, तर म्हणाले, "उष्णता असंल, ताक पीत जा." शिरूरच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, थांबू नका, लातूरला जाऊन गर्भाच्या पिशवीची तपासणी करून घ्या. मी हो म्हणून घरी आले आणि कुणाला काही बोलले नाही. पल्लवीची तारीख धरली होती, रुक्मिणबाई रोज दारात. "झालं का वो तोरण?" मी मनाशी म्हटलं, एवढं तोरण उरकू दे, मग जाते.

आणि मी काय केलं असेल सांगा? लोकर बाजूला ठेवली! डब्यातून सब्जा काढला, तुमचाच पांढरा दोरा हातात घेतला आणि तोरण दोऱ्याचं करायला घेतलं. तुमचं सगळं डोळ्यांनी पाहिलेली मी! भिले होते आक्का. उष्णता म्हटलं की ती ताकानं, सब्जानं उतरते. दुसरं काही म्हटलं असतं तर ते कशानं उतरणार होतं? तुम्हीही अशाच भिला होता का? आता वाटतं, भिलाच असणार.

मला कुणी धरलं माहीत आहे? भाऊजींनी! तुमच्या नवऱ्यानं. इतक्या वर्षांत ते माझ्याशी कधी सरळ बोलले नव्हते. तुम्ही होता तोवर तुमच्याकडून निरोप, तुम्ही गेल्यावर भिंतीशी बोलायचे. "चहा झाला असंल तर बरं हुईल." भिंत काय चहा करते? मी उठून करायचे.

त्या दुपारी मी ओसरीवर तोरण घेऊन बसले होते. भाऊजी शेतातून आले. नेहमीसारखे खाली मान घालून आत जातील म्हणून मी पदर सावरला. ते पायरीवरच थांबले. माझ्या हाताकडं बघत राहिले, मग शेजारच्या सब्जाच्या तांब्याकडं.

"मंगल," म्हणाले, "लोकर कामून बाजूला ठेवलीस?"

माझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. म्हटलं, "उष्णता हुतीय म्हून."

"सब्जा कवापासून प्यायलीस?"

मी तांब्या पाठीमागं सरकवला. सुई तशीच हातात.

"तिनं बी असाच दोरा धरला हुता," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांम्होरं बसायची. मला वाटलं, पांढरंच करायचं असंल. म्या एका शब्दानं इचारलं न्हाई." त्यांनी पागोट्याचं टोक डोळ्यांना लावलं आणि म्हणाले, "उद्या लातूरला जायचं. सुधाकर येत नसंल तर म्या येतो."

"भाऊजी, लग्न तोंडावर आलंय, तोरण अजून..."

"तोरण गेलं खड्ड्यात!"

आक्का, हा माणूस ओरडला! कधी बैलावर ओरडला नव्हता. तसाच धुळीच्या पायांनी रस्ता ओलांडून समोर गेला आणि रुक्मिणबाईच्या दारात उभा राहून म्हणाला, "मंगल आजारी हाय. तोरण हुणार न्हाई." बाकी काही नाही. बायकांच्या रुखवतात एक म्हातारा माणूस निरोप घेऊन गेला, गल्लीनं हे कधी पाहिलं नव्हतं.

हे आले लातूरला. भाऊजीही आले. तेच बाक, त्याच डॉक्टरीणबाई. त्यांनी विचारलं, कधीपासून? आणि माझ्या जिभेवर काय आलं असेल? "आत्ता एवढ्यातच." ओठांपर्यंत आलं होतं हो! मग दाराबाहेर भाऊजींची काठी वाजली आणि मी म्हटलं, संक्रांतीपासून. म्हणजे शेतात हरभरा होता तेव्हापासून. त्या म्हणाल्या, बरं केलंत सांगितलंत. तुकडा काढून तपासायला पाठवलाय. रिपोर्ट सोमवारी.

रुक्मिणबाई रुसली आहे. काल लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारातून मण्यांचं तयार तोरण आणलं आणि माझ्या दारावरून नेताना मोठ्यानं म्हणाली, "आक्का असत्या तर असं झालं नसतं." खरंच आहे. तुम्ही असता तर तोरण झालं असतं. ऐकून मला वाईट वाटलं नाही असं नाही, रडू आलं थोडं. चांगली बाई म्हणून घ्यायची सवय अंगाला लागलेली असते, ती सुटताना चुरचुरतं. पण उठून क्रोशा हातात घेतला नाही.

आत्ता हे लिहिताना भाऊजी चहा घेऊन आले. लग्नाला गेले नाहीत ते. साखर दुप्पट, आलं आख्खंच टाकलेलं. दाराशी कप ठेवला आणि भिंतीला म्हणाले, "पिऊन टाक." पिते आहे. गळ्याखाली उतरत नाही, पण पिते आहे.

आक्का, मी तुम्हाला वचन देते. सोमवारी काहीही निघो, मी पुढं ढकलणार नाही. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, आमची पेरणी, काही मध्ये येऊ देणार नाही. पिशवी काढा म्हटलं तर काढीन, लातूरला राहा म्हटलं तर राहीन, आणि मला करून खाऊ घालायची वेळ आली तर ह्यांना भाकरी थापायला शिकवीन. पूजाला फोनवर सगळं नीट सांगीन, लाजणार नाही. आणि दारात येईल त्या बाईला आधी विचारीन, तुझं बरं आहे ना, खरं सांग.

एक बोलू? तुमच्या मागं असं म्हणायला लाज वाटते, पण मला अजून जगायचं आहे. खूप जगायचं आहे. तुम्हालाही जगायचंच होतं ना आक्का? मग एकदा तरी तसं म्हणायचं होतं हो! आम्ही सगळे हातातलं टाकून उठलो असतो.

तुमची धाकटी जाऊ,
मंगल