अकरा कैऱ्या आणि एक रजा

मी, जमाल हसन साखरकर, वय अठ्ठावन्न, मूळ राहणार मौजे बोरखाडी, जिल्हा रत्नागिरी, सध्या राहणार अल मजाज, शारजा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे म्हणून लिहितो, कोणाच्या दबावाखाली नाही. माझा खोलीतला आणि कामावरचा सोबती महादू इथे इस्पितळात समोर चहा घेऊन बसला आहे आणि मधून मधून "यल्ला, आवरा आता" म्हणतो आहे, तो दबाव धरू नये.

१. घर आणि शिल्लक यांत बायको झुबेदा आणि मुलगा तहा यांचे शरियतप्रमाणे जे हिस्से होतील ते त्यांना मिळावेत. त्यात मी ढवळाढवळ करत नाही. पुढे जे कोणाला देतो आहे ते शरियतप्रमाणे माझ्या मर्जीवर राहणाऱ्या एक तृतीयांश हिश्शातून.

२. पाण्याचा आंबटपणा मोजायचे यंत्र, मापाचे ग्लास आणि माझी निळी वही महादूला द्यावी. चोवीस वर्षे मी इथल्या हरितगृहात मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर टोमॅटो आणि ढोबळी मिरची वाढवली. फूल धरायचे औषध कधी आणि किती, झाड बुटके ठेवायचे औषध किती, सगळे वहीत आहे. मी म्हणेन त्या आठवड्यात झाडे फुलायची. अशाने माणसाला माज चढतो, मलाही चढला. महादूने वही जरूर वापरावी, पण आधी खालचा चौथा मुद्दा वाचावा.

३. खरेदी सांभाळणाऱ्या शौकतबद्दल. नऊ वर्षांपूर्वी त्याने फुलांची औषधे नेटवरून स्वस्तात मागवली. बाटल्यांवर गांजाचे पान छापलेले होते, कारण जिथे गांजा पिकवायला परवानगी आहे तिथल्या लोकांसाठी ती काढलेली. आत साधे फॉस्फरस आणि पोटॅश. पण इथे ते चित्रच पुरे झाले. माल बंदरावर अडकला तेव्हा शौकत म्हणाला, "जमालने मंगाया था." चौकशी तीन महिने चालली आणि तोवर माझा पासपोर्ट जमा राहिला. माझ्यावर काही निघाले नाही. शौकतने नंतर हबीबी हबीबी करत मिठी मारली, मी तोंडदेखले माफ केले. आज खरोखर माफ करतो, कारण हा राग घेऊन ऑपरेशनच्या टेबलावर झोपायचे नाही. याखेरीज त्याला काहीही देऊ नये.

४. हरितगृह कडक उन्हाळ्यात बंद असते, म्हणून माझी रजा नेहमी ऑगस्टात. आमच्या अंगणात अब्बांनी लावलेला हापूस आहे. त्याचा आंबा मी इथे आल्यापासून स्वतः उतरवून खाल्लेला नाही. झुबेदा कोणाबरोबर तरी पेटी पाठवायची आणि मी बर दुबईला जाऊन ती आणायचो. अर्धे आंबे दबलेले असायचे. खाताना घर आणखी लांब गेल्यासारखे वाटायचे.

शौकतच्या त्या प्रकरणाआधी साहेबांनी पुढच्या फेब्रुवारीत रजा कबूल केली होती. तोवर आंबा तयार व्हावा म्हणून ऑगस्टात घरी गेलो तेव्हा मी झाडाच्या मुळाशी लवकर मोहोर आणायचे औषध ओतले. आमचे बागायतदार ओततात तेच, पण चौपट. इथे डोस जास्त झाला की आम्ही पाणी बदलतो आणि झाड सावरते. मातीतले औषध बदलता येत नाही, हे पाण्यात मुरलेल्या शहाण्याला सुचले नाही. झाड ऑक्टोबरातच मोहरले आणि परतीच्या पावसात सगळा मोहोर काळा पडून गळाला. फेब्रुवारीत मी शौकतच्या बाटल्यांपायी इथेच अडकून पडलो. तेव्हापासून झाडाला मुठीसारखी आखूड पालवी येते, मोहोर येत नाही.

झुबेदा फोनवर भांडली नाही. एवढेच म्हणाली, "झाडाला तुमच्या रजेचं काय कळतंय? त्याला थंडी कळते." आपल्या झाडाला लागेल तेव्हाच खाईन म्हणून तिने आंबा सोडला, तो आजतागायत. मला तिची फार आठवण येते. फोनवर हे कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

५. अंगण माझे आणि धाकटा भाऊ ओवेस याचे सामाईक आहे. त्याला गाडी लावायला जागा हवी. "वांझ झाड किती वर्षं पोसायचं, भाईजान?" असे तो दर ईदला विचारतो. त्याचेही खोटे नाही. विहिरीमागची जागा माझ्या एकट्याच्या नावावर आहे, ती मी ओवेसला देतो. तिथे दोन गाड्या राहतील. बदल्यात झाड आपणहून वाळेपर्यंत त्याला कुऱ्हाड लावू नये.

६. गेल्या महिन्यात झुबेदाने फोटो पाठवला. विहिरीकडच्या एका फांदीला मोहोर आला आहे. कोणी काही ओतले नव्हते. आता सुपारीएवढ्या अकरा कैऱ्या धरल्या आहेत, ती रोज मोजते आणि मला सांगते. मी सहा मेचे तिकीट काढले आहे. रजा नाही दिली तर नोकरी सोडतो, असे साहेबांना लिहून दिले. तहा दुबईत ऑफिसात असतो, तो म्हणाला, "अब्बा, सुपरमार्केटमध्ये बारा महिने मिळतात, टेन्शन कशाला घेता?" मिळतात, बाळा.

मी नसेन तर तहाने त्याच तारखेला घरी जावे. आंबे काठीने झोडपू नयेत, जाळीच्या झेल्याने उतरवावेत आणि पेंढ्यात पिकू द्यावेत. पहिला पिकलेला आंबा आईच्या हातात द्यावा. तिचा खाऊन होईपर्यंत फोन खिशात ठेवून शेजारी बसावे. ती रडली तर समजूत घालू नये.

७. मी ऑपरेशनमधून उठलो तर ओवेसची जागा ओवेसकडेच राहील. सहावा मुद्दा मात्र रद्द समजावा, झेला मी धरीन. पहिला आंबा तरीही तिचाच. दुसरा माझा.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनासारखा आहे. दोघांच्या समक्ष सही करतो.

जमाल हसन साखरकर

साक्षीदार:

रंजिता वासुदेव कोळवणकर, परिचारिका. माझ्यासमोर सही केली. पेशंट पूर्ण शुद्धीत आहेत.

महादू गणपत शिंगाडे. सगळे वाचले, चौथा मुद्दा दोनदा. निळी वही आत्ता घेत नाही. ते मे महिन्यात गावाहून परत आले की मागून घेईन.

शारजा, दिनांक १२ फेब्रुवारी २०२६