निलूची कॅसेट, दुसरी बाजू

शनि. ८ मार्च
आई इंग्लंडला आमच्याकडे आली. विमानाला उशीर, त्यामुळे पारा चढलेला. बॅगेतून लोणचं, भाजणी, सांडगे, आणि माझ्या नवऱ्यासाठी, मंदारसाठी, आणलेल्या मोज्यात गुंडाळलेली एक कॅसेट. वर निलूचं अक्षर: ‘लॅटिन रॅप. हात लावू नये.’

“नागपूरचं घर आवरताना सापडली. त्याचा आवाज असेल गं यात.”

निलू, माझा धाकटा भाऊ. कॉलेजात होता, साध्या तापाचं निमित्त झालं. जाऊन वीसेक वर्षं झाली. त्याचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही. मावशीच्या लग्नाच्या व्हिडिओत बोलताना दिसतो, पण वर सनई लावलीय.

रवि. ९
आईची आशा वाढवायला नको, पण मलाच लागलीय. दुपारी केबलवर ती लॅटिन रॅपची, अमेरिकेतल्या मेक्सिकन पोरांची गाणी लागायची. टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून निलू भरून घ्यायचा. खोलीतलं सगळं त्यात यायचं, कुकरसुद्धा. मग निलूही असेलच. असायलाच हवा.

मंगळ. ११
कॅसेट प्लेअर मिळेना. ऑफिसात कुणाकडे असणार आता! ब्रॅकनेलच्या ऑफिसातून लवकर घरी आले. आईला टीव्हीवर त्या गाण्यांचे जुने व्हिडिओ लावून दिले. पुढच्या चाकांवर उड्या मारणाऱ्या लांबलचक गाड्या. गुडघ्यापर्यंत मोजे. परसात मांस भाजतायत, खुर्चीत कुणाची तरी आजी, दंडावर आईचं नाव गोंदलेलं.

आई म्हणाली, “दिसतात गुंड, पण आई-आजीला बरोबर घेऊन गातात हो.”

निलू भर मे महिन्यात बाबांचा चौकटीचा शर्ट घालायचा, फक्त गळ्याचं बटण लावून. घामोळं आलं तरी बटण सोडलं नाही. लुनाला उड्या मारायला लावणार होता, तर स्टँडच मोडला. खूप हसलो दोघी.

व्हिडिओतली ती पोरं अजून तशीच पंचविशीची. बघवेना. बंद केलं.

शनि. १५
मंदारला मेडनहेडच्या जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमध्ये प्लेअर मिळाला. आई साडी बदलून सोफ्यावर येऊन बसली. पाहुणे यायचे असावेत तशी.

खरखर. ट्रम्पेट. मग तो भरभर रॅप, स्पॅनिशचा एक शब्द कळत नसताना आम्हाला अख्खा पाठ असलेला. कुकरची शिट्टी. मी फिस्सकन हसलेली. आणि लांबून आई, तरुण, खणखणीत: “निलूऽ, जेवायला ये!”

ओ नाही.

“निलूऽऽ!”

ओ नाही.

तेव्हा आठवलं. कशी विसरले मी? भरताना बोलायचं नाही, हा नियम त्याचाच. ओठांवर बोट ठेवून बसायचा, मी हलले तरी डोळे वटारायचा. अख्ख्या बाजूवर सगळे आहेत, शेजारचं कुत्रंसुद्धा. तो नाही.

आई प्लेअरकडे बघून म्हणाली, “ओ दे ना रे. एकदा तरी.” मंदार उठून किचनमध्ये गेला.

गाण्याच्या शेवटी टेपवर खट् झालं, रेकॉर्डिंग थांबवल्याचं.

“हे बटण त्यानंच दाबलं ना?”

“हो गं.”

“परत लाव.”

रवि. १६
आईला रिवाइंड शिकवलं. शिकवायला नको होतं. सकाळपासून तेच चाललंय, हाक, हाक, खट्. नाश्ता तसाच पडलाय.

मला निलूचा भयंकर राग येतोय. एवढा कसला शहाणा रे तू! एकदा शिंकायचंस तरी.

दुपारी म्हटलं, आई, दुसरी बाजू लावू या. तिथे विसरला असेल नियम, गुणगुणला असेल. कॅसेट काढली, उलटी केली. आईनं मनगट धरलं.

“नको.”

“अगं, का?”

“तिथेही नसला तर?”

कॅसेट तिनं मोज्यात घालून उशाशी ठेवलीय. एप्रिलमध्ये ती परत जाणार. बरोबर नेणार का, विचारायचा धीर नाही.

प्लेअर हॉलमध्येच आहे. मंदारनं विचारलं, प्लग काढू का. नको म्हटलं.